बारावा शेवटचा कलाकार

नाशिकमध्ये ज्याला गाता, नाचता, विणता किंवा रंगवता येतं पण फॉर्म भरता येत नाही, असा माणूस आज ना उद्या सातपूरच्या अशोकनगरातल्या देवरेंच्या दाराशी येऊन चपला काढतोच. दार सरिताताई उघडतात. वय सत्तेचाळीस, चष्मा कपाळावर सरकवलेला, बोटांना कणीक. आलेल्याला त्या आधी पाणी देतात आणि मग विचारतात, "आधारकार्ड आणलंय का?" कलेची चौकशी त्यानंतर.

हा उद्योग त्यांच्या मागे लागला तो कॉलेजात. नामपूरच्या कांदा मार्केटजवळ वाढलेली ही मुलगी शिकायला नाशिकला आली आणि एका हौशी नाटक मंडळीत शिरली. तिथे अभिनय करायला सगळे एका पायावर तयार. हॉल ठरवायला, परवानग्या आणायला, नटांच्या रुसव्याफुगव्यांवर फुंकर घालायला मात्र कोणी नाही. ते सगळं सरिताच्या गळ्यात पडलं आणि गंमत म्हणजे तिला ते आवडलं. बक्षीस समारंभाच्या एकाही फोटोत ती नाही. फोटो निघत तेव्हा ती मागे कपडेपट आवरत असे.

पुढे लग्न झालं. मनोजरावांची सातपूरला कारखान्यात नोकरी, ताईंची एका क्लासच्या ऑफिसात अर्ध्या दिवसाची. एकदा एक जुना ओळखीचा तबलजी शिष्यवृत्तीचा इंग्रजी फॉर्म घेऊन आला. ताईंनी तो भरला, त्याला शिष्यवृत्ती मिळाली, आणि तिथून जी रीघ लागली ती सोळा वर्षं थांबली नाही. कोणाला अनुदान, कोणाला परदेशवारी, कोणाला दोन महिने कुठेतरी राहून काम करण्याची संधी. ताईंना पेढे. मनोजराव पेढा तोंडात टाकत म्हणायचे, "जगाचे फॉर्म भरतेस, एकदा स्वतःचा भर की!"

ताईंना एक गोष्ट लवकर उमगली होती. फॉर्म वाचणारा लांब कुठेतरी बसलेला असतो, त्याच्यापुढे फॉर्मांचा ढीग असतो, आणि त्याचा जीव हळहळतो तो काहीतरी संपत चाललंय या बातमीने. म्हणून त्यांचा एक हुकमी शब्द होता: शेवटचा. येवल्याचा अमुक काठ विणणारा शेवटचा कारागीर. चांदवडकडचा तमुक वाद्याचा शेवटचा वादक. असे अकरा शेवटचे कलाकार ताईंनी घडवले होते. येवल्याच्या शेवटच्या कारागिराच्या भिंतीपलीकडे त्याचा चुलतभाऊ तोच काठ विणत बसलेला असे, पण तो फॉर्मवर नव्हता, म्हणजे नव्हताच. यात काही वावगं आहे असं ताईंना कधी वाटलं नाही. गरिबाचं भलं होतंय, कोणाचं काय बिघडलं? मजकूर इंग्रजीत असायचा. कलाकार सही कुठे करायची तेवढं विचारायचा आणि करायचा.

बारावा शेवटचा कलाकार म्हणजे पुंजा भोये.

पेठच्या बाजूला डोंगरात करंजपाडा नावाचं गाव आहे. भात, नागली आणि उरलेले महिने बाहेरगावी मजुरी, यावर जगणारं. चैत्रात तिथे बोहाडा होतो. देवांचे, राक्षसांचे मोठाले मुखवटे चढवून गावातली माणसं संबळाच्या तालावर नाचतात. या मुखवट्याला तिकडे सोंग म्हणतात, आणि प्रत्येक सोंग एकेका घराचं असतं. गणपती एका घराचा, रावण दुसऱ्याचा, नरसिंह झुंबरबाईच्या घरचा. वर्षभर सोंग त्या घराच्या माळ्यावर कापडात गुंडाळून राहतं. आणि शिमगा झाला की प्रत्येक घर आपलं सोंग डोक्यावर घेऊन, सोबत नारळ आणि शेरभर तांदूळ घेऊन, पुंजाच्या ओट्यावर आणून ठेवतं. पुंजा ती दुरुस्त करतो, फुटलेल्या कानाला कागदाचा लगदा लावतो, नवा रंग देतो. त्याचा बाप हेच करायचा. बोलावणं नाही, ठराव नाही. शिमग्याच्या तिसऱ्या दिवशी ओटा भरलेला असतो, बस्स. पुंजा पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या कामावर असला तरी त्या दिवसासाठी हातातलं काम टाकून गावी येतो.

ताई त्याच्याकडे पहिल्यांदा गेल्या त्या अशाच भरल्या ओट्यावर. साठीचा, सडपातळ माणूस करवंटीत रंग कालवत मांडी घालून बसलेला आणि भोवती तीसेक देव-दैत्य एकाच रांगेत. ताईंना ते दृश्य इतकं आवडलं की त्या दर वर्षी जाऊ लागल्या. पुंजाच्या बायकोच्या हातची नागलीची भाकरी खायच्या, आणि तिथे त्यांच्यातलं काहीतरी निवायचं. कोणी आधारकार्ड घेऊन येत नसे, हेही असेल.

गेल्या दिवाळीनंतर ती जाहिरात आली. दक्षिणेतली एक संस्था प्रथमच कलाकारांसाठी नाही, तर कलाकारांची कामं निभावणाऱ्यांसाठी वर्षभराची फेलोशिप देत होती. दरमहा मानधन, आणि समुद्राकाठच्या एका घरात दोन महिने राहून वाचायचं, लिहायचं, आपल्यासारख्याच माणसांशी बोलायचं. ताईंनी ती जाहिरात तीनदा वाचली. 'आयोजनाच्या कामाची दखल घेतली जात नाही, हे आम्ही जाणतो,' असं वाक्य त्यात होतं. ते वाचून त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. पन्नाशीच्या आत अर्ज करायचा होता. म्हणजे ही पहिली संधी, आणि बहुधा एकच.

अर्जात एक रकाना होता: आपण ज्याच्यासोबत काम करणार त्या कलाकाराचं नाव. एकच नाव. ताईंनी पुंजा भोये असं लिहिलं आणि पुढे हात आपोआप चालला. 'बोहाडा परंपरेचा शेवटचा कलाकार.' फोटो कोणता? पुंजा आपल्या ओट्यावर नरसिंहाचं सोंग छातीशी धरून बसलाय, तो. फोटो खरंच देखणा होता. संमतीपत्रावर सही घ्यायला त्या पिंपळगावला गेल्या, तेव्हा पुंजा शेडबाहेर हात धूत होता. "कशाचं हाय, ताई?" त्याने विचारलं. "आपल्या बोहाड्याचं," ताई म्हणाल्या. त्याने ओले हात शर्टाला पुसले आणि सही केली. एवढंच बोलणं झालं. पुढे कितीतरी दिवस ताई हे एवढंच बोलणं आठवून स्वतःचा राग राग करणार होत्या.

फेब्रुवारीत ताईंचं नाव अंतिम यादीत आलं. संस्थेने यादीतल्या प्रत्येकाचा परिचय, अर्जातला कलाकाराबद्दलचा मजकूर आणि फोटो इंटरनेटवर टाकला. मनोजरावांनी तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. ताईंनी दोन नव्या साड्या काढून ठेवल्या, दक्षिणेत उकडतं म्हणून सुती.

शिमग्यानंतर आठवड्याने निकिताचा फोन आला. निकिता करंजपाड्याची, नाशिकला नर्सिंग शिकणारी. तिच्याही फॉर्मला ताईंनीच मदत केली होती.

"ताई, तुम्ही पुंजाबाबांबद्दल ते काय लिहिलंय?"

"अगं, पाहिलंस का? छान आलाय ना फोटो?"

निकिता म्हणाली, "मी ते सुट्टीत गावात वाचून दाखवलं. मला वाटलं, सगळ्यांना आनंद होईल. ताई, यंदा बाबांच्या ओट्यावर एकपण सोंग आलं नाही."

दुसऱ्या दिवशी क्लासला रजा टाकून त्यांनी पेठची एसटी धरली.

ओटा सारवलेला होता. करवंट्यांमध्ये लाल, पिवळा, निळा रंग कालवून ठेवलेला होता आणि वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. पुंजा भिंतीला टेकून बसला होता. ताईंना पाहून उठला, आत जाऊन पाणी घेऊन आला. रागावला असता तर ताईंना बरं वाटलं असतं.

"तिसऱ्या दिशी वाट बघली," तो म्हणाला. "चवथ्या दिशी बघली. मंग कळलं, यायचे नाय."

"पुंजाबाबा, चूक माझी आहे. मी गावाला सांगते."

"काय सांगशाल?" त्याने खरंच विचारलं. त्याला अजूनही नेमकं काय लिहिलंय ते ठाऊक नव्हतं. निकिताने वाचलं तेव्हा तो पिंपळगावाहून यायचा होता, आणि नंतर त्याच्याशी कोणी बोललं नव्हतं.

दुपारी देवीच्या देवळापुढे माणसं जमली. बोलावली ताईंनीच. त्यांनी पर्समधून अर्ज काढला आणि ठरवलं, जे आहे ते वाचायचं. सोळा वर्षांत त्यांनी भरलेला एकही फॉर्म ज्याचा होता त्याला वाचून दाखवला नव्हता. आपलंच इंग्रजी आपल्याच तोंडाने मराठीत आणताना त्यांची जीभ अडखळू लागली. 'करंजपाड्यात ही कला आता मरणपंथाला लागली आहे.' समोर तरणीताठी वीस-पंचवीस पोरं उभी होती, त्यातली निम्मी येत्या बोहाड्यात नाचणारी. 'श्री. पुंजा भोये हे या परंपरेचे शेवटचे कलाकार असून त्यांच्यानंतर...'

"थांब," झुंबरबाई म्हणाली.

सत्तरीची बाई. नरसिंहाचं सोंग तिच्या घरचं. तीस वर्षं तिचा नवरा ते नाचवायचा, मग मुलगा. मुलगा तीन वर्षांपूर्वी गेला. दोन बोहाडे नरसिंह माळ्यावरून उतरला नाही. गेल्या साली नुसता रंगाला आला आणि पुन्हा माळ्यावर गेला. यंदा नातू राजू पहिल्यांदा तो चढवणार होता. राजू तिथेच देवळाच्या पायरीवर बसला होता, मिसरूड फुटलेलं पोरगं, मान खाली घालून.

"शेवटचा म्हंजे?" झुंबरबाईने विचारलं. "पुंजाच्या मागं कोन नाय? मंग आमी कोन? ह्यो राजू कोन? मेलो का आमी सगळी?"

ताईंनी राजूकडे पाहिलं आणि त्यांना पहिल्यांदा नीट कळलं, आपण काय लिहून बसलो ते. नाशिकच्या घरी लिहिताना तो नुसता फॉर्ममधला शब्द होता. इथे ज्या घरातून एक मुलगा उठून गेला होता, त्या घराच्या पोराला, ते पहिल्यांदा सोंग चढवणार त्याच वर्षी, कोणीतरी लिहून ठेवलं होतं की इथून पुढे कोणी नाही. याहून अभद्र काय असतं?

"आन नरसिंह माझ्या घरचा. तो पुंजानं छातीशी धरून फोटू काढला. आपला म्हनून."

"तसं नाही मावशी, फोटो मीच काढला. ते म्हणाले नव्हते. त्यांना माहीतही नव्हतं, मी शप्पथ घेते."

"सही कोनाची हाय खाली?"

सगळ्यांनी पुंजाकडे पाहिलं. पुंजा म्हणाला, "माझी हाय." मला वाचता येत नाही, मला फसवलं, असं काहीतरी तो बोलेल म्हणून ताई आशेने त्याच्याकडे बघत राहिल्या. पण तो एवढंच बोलून गप्प बसला. सही केली म्हणजे शब्द दिला, असं मानणारा माणूस. ताईंना त्या क्षणी त्याच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं आणि लाजही वाटली की हे आपल्याला आत्ता सुचतंय.

झुंबरबाईने मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "यात तुला काय मिळनार हुतं, बाय?"

"वर्षभर पगार. आणि दोन महिने तिकडे राहून शिकायला."

"आन पुंजाला?"

"त्यांचं नाव होईल, मावशी. सगळीकडे."

"नाव त त्येला हुतंच," झुंबरबाई म्हणाली. आणि उठून घरी निघाली. तिच्यामागे एकेक करत सगळेच उठले. कोणी ताईंना वेडंवाकडं बोललं नाही. जाताना एका बाईने तर एसटी साडेचारला आहे, लवकर निघा, असंही सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, ताईंनी त्याच संध्याकाळी संस्थेला कळवून टाकलं असेल. नाही कळवलं. माणूस इतका सरळ नसतो. त्यांनी दोन दिवस विचार केला, तिसऱ्या दिवशी नाव बदलता येईल का असं विचारणारं पत्र पाठवलं, आणि या टप्प्यावर बदल करता येत नाही असं उत्तर आलं तेव्हा त्यांना, खोटं कशाला बोला, थोडं हायसं वाटलं. मुलाखत चार दिवसांवर आली होती. सुती साड्या कपाटात होत्या.

मुलाखत लॅपटॉपवर झाली. तिघं परीक्षक होते. तिघंही भली माणसं. एकीने विचारलं, "कलाकारासोबतच्या तुमच्या नात्याबद्दल सांगा." ताईंनी तयारी केलेलं सगळं बाजूला ठेवलं आणि खरं ते सांगितलं. शेवटचा हा शब्द, अकरा आधीचे, बारावा पुंजा, रिकामा ओटा, झुंबरबाईचा प्रश्न. लॅपटॉप मिटताना ताईंना वाटलं, सुटले. गेली संधी, पण सुटले.

पाचव्या दिवशी निवड झाल्याचं पत्र आलं.

'आपल्या चुकीकडे इतक्या प्रामाणिकपणे पाहणारी व्यवस्थापक आम्हाला दुसरी भेटली नाही,' असं त्यात लिहिलं होतं. मनोजराव आनंदाने नाचायचे बाकी राहिले. ताई मात्र पत्र हातात घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. झालं होतं ते असं, की पुंजाचा रिकामा ओटासुद्धा त्यांच्याच उपयोगी पडला होता. आधी त्याचा भरलेला ओटा कामाला आला, मग रिकामा. त्यांनी हे मुद्दाम केलं नव्हतं. पण सोळा वर्षं फॉर्म भरणाऱ्या बाईला, कशाने समोरच्याचा जीव हळहळतो हे माहीत असणाऱ्या बाईला, मुद्दाम काय आणि आपसूक काय, हे आता स्वतःलाच सांगता येईना.

फेलोशिप स्वीकारायचा फॉर्म सोमवारपर्यंत भरायचा होता. शनिवारी ताई पिंपळगावला गेल्या.

पुंजा गावी थांबला नव्हता. थांबून करणार काय? तो द्राक्षांच्या पॅकहाउसवर परतला होता. हायवेलगतच्या मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये बायका घड निवडत होत्या, टेम्पो लागत होते, आणि एका कोपऱ्यात बसून पुंजा पुठ्ठ्याची खोकी उभी करत होता. घडी उलगडायची, तळ दुमडायचा, बाजूला ठेवायचं. त्याची बोटं या काळात कधी स्वच्छ नसायची. नखांत लाल-पिवळा रंग असायचा. आज ती पार कोरी होती. ताईंना त्या बोटांकडे बघवेना.

जेवणाच्या सुट्टीत दोघं बाहेर भिंतीच्या सावलीत बसले. ताईंनी पत्राचं सगळं सांगितलं, काही न लपवता. पुंजा भाकरी मोडत ऐकत होता.

"बोहाडा दहा दिवसांवर आला ना?" ताईंनी शेवटी विचारलं.

"हां. हरसूलकडच्या एकाला बोलावला हाय. फवाऱ्याचा रंग मारतो. लवकर होतं." मग थोडं थांबून म्हणाला, "झुंबरबाईनं नरसिंहाला नाय लावू दिला. गेल्या सालचाच रंग हाय माझा. ठिसूळ झालाय, कानाशी उडालाय. तसाच नाचवनार म्हनतं राजू."

"मग त्या तुमच्याकडे का नाही..."

"नाय आननार." त्याने मान हलवली. "दुसऱ्याचा हात लावू देनार नाय, आन माझ्याकडं आननार नाय. बाई लय मानी हाय." हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर किंचित हसू आलं आणि लगेच गेलं.

ताईंना रडू फुटलं. पॅकहाउसच्या बायका बघत होत्या तरी आवरेना. "मी ही फेलोशिप नको म्हणते, पुंजाबाबा. सोमवारी कळवते."

"कशापायी?" पुंजा चकित झाला. "तुमी सोडली म्हंजे माझ्या ओट्यावर सोंगं येतील का? तुमी लय जनांचं केलं. घ्या, ताई. जाऊन या समुद्राकडं." त्याने डब्याचं झाकण लावलं, उठला, आणि जाता जाता वळून हात जोडले. "फक्त माझं नाव कुठं लिवू नका."

सोमवारी मनोजराव कामावर गेल्यावर ताईंनी लॅपटॉप उघडला. नाव, पत्ता, बँकेचं खातं, सगळं भरून झालं. मग तो रकाना आला: कलाकाराचं नाव. ताईंनी तो मोकळा ठेवला आणि पुढचं बटण दाबलं. पान हललं नाही. रकान्याभोवती लाल चौकट आली, हे भरणं आवश्यक आहे म्हणून. त्यांनी संस्थेला फोन लावला. तिथली मुलगी फार गोड बोलली. म्हणाली, मॅडम, एवढी काळजी करू नका, तो कलाकार तयार नसेल तर दुसरं कोणाचंही नाव टाका, निवड तुमची झाली आहे. तुमच्याकडे तर बरेच कलाकार असतील ना?

होते. अकरा होते. ताईंनी फोन ठेवला आणि कपाटातून त्यांच्या सगळ्या फॉर्मांची जाडजूड फाइल काढली. सर्वांत वर येवल्याचा कारागीर होता. त्याला फोन केला असता तर त्याने आनंदाने हो म्हटलं असतं. सही कुठे करायची, एवढंच विचारलं असतं.

त्यांनी लॅपटॉप मिटला. सहा वाजता मुदत संपली तेव्हा त्या चष्मा लावून फाइल मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि येवल्याला फोन लागला होता.

"बोला ताई, नवीन फॉर्म निघाला का?" पलीकडून उत्साहाने आवाज आला.

"नाही, जुनाच आहे. सहा वर्षांपूर्वी तुम्ही सही केली होती तो," ताई म्हणाल्या. "शेजारी तुमचे चुलतभाऊ आहेत का घरात? असतील तर त्यांनाही बोलवा. मी त्यात काय लिहिलं होतं, ते तुम्हाला वाचून दाखवायचं राहून गेलंय."